उजवीकडून पहिला भाग

शके एकोणीसशे शेचाळीस, चैत्र वद्य पक्ष. इसवी सन दोन हजार चोवीसच्या एप्रिल महिन्याचा अखेरचा आठवडा. मुक्काम जुन्नर, जिल्हा पुणे. त्या दिवशी दुपारी महाविद्यालयाच्या मराठी विभागाच्या दारावर एक सूचना लागली, आणि महेक शफी कागदी हिने ती तिथेच उभ्याने दोनदा वाचली.

सूचना प्राध्यापक सुभाष हिंगे यांच्या हस्ताक्षरात होती. तीत चार अर्धविराम होते आणि चारही जागच्या जागी होते. मजकूर असा, की येत्या वर्षापासून तृतीय वर्षाच्या निवडक विद्यार्थ्यांसाठी 'प्रगत साहित्यवर्ग' सुरू होईल, जागा आठ, इच्छुकांनी उन्हाळ्याच्या सुटीत सोबतच्या यादीतील कोणत्याही पाच कादंबऱ्या वाचाव्यात, जूनमध्ये प्रत्येकाने त्यांपैकी एकीवर, हाती कागद न घेता, विभागात उभे राहून बोलावे. खाली रेघ ओढून जास्तीचे एक वाक्य होते: 'कादंबरी वाचून यावे, कादंबरीविषयी वाचून येऊ नये.'

हिंगे सर मूळचे अवसरी बुद्रुकचे. भावांनी शेती सांभाळली आणि यांनी गद्य. जुन्या मराठी गद्यावर त्यांचा जीव होता आणि त्या गद्यासाठी ते कोणाशीही, कोठेही वाद घालीत. एका शोकसभेत वक्त्याने 'दुःखद निधन झाले' म्हणताच, 'सुखद निधन कधी होते काय?' असे त्यांनी खुर्चीतूनच विचारले होते, ही हकीकत महाविद्यालयात दरवर्षी नव्या मुलांना सांगितली जाई.

महेकला त्या वर्गात जागा हवी होती, आणि हवी असण्याचे कारण तिने कोणाला सांगितले नव्हते. दोन वर्षांपूर्वी प्रवेशाच्या वेळी खिडकीतल्या कारकुनाने तिच्या नावाकडे पाहिले, विषयाकडे पाहिले आणि अगदी प्रेमाने विचारले, "मराठी स्पेशल? चुकून लिव्हलं का पोरी? उर्दू न्हाई का घ्यायचं तुला?" माणूस दुष्ट नव्हता, त्याने तिला स्वतःचे पेनही दिले होते. पण तिने त्या पेनाने नुसती सही केली. घरी येईपर्यंत तीन उत्तरे सुचली, तिन्ही चांगली होती, आणि तिन्ही उशिराची होती. आता त्या आठ नावांत आपले नाव लागले, म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर दिले गेले, असा हिशेब तिने मनाशी बांधला होता.

कागदी हे आडनाव तेवढे पूर्वजांचे. हाताने कागद करणे घरातून केव्हाच गेले होते. तिचे वडील शफी बाजारपेठेत बाइंडिंगचे दुकान चालवीत. शाळांची हजेरीपुस्तके, पतसंस्थांच्या फायली आणि झेरॉक्स, एवढ्यावर दुकान चाले. आजोबा तालिब, ज्यांना सगळे दादा म्हणत, दुकानाच्या मागच्या बाजूस बसत. त्यांच्या हाताची जुजबंदी शिलाई, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या फर्म्याला फर्मा जोडत जाणारी दोऱ्याची ती जुनी शिलाई, एके काळी मढपासून मंचरपर्यंत नावाजलेली होती. डोळ्यांत मोतीबिंदू आल्यापासून ते शिवत नसत. पण खळ कोणी शिजवली आणि ती पातळ का राहिली, हे वासावरून सांगत.

मे महिन्यात महेकने चार कादंबऱ्या संपविल्या. तिची मैत्रीण अक्षदा तळेघरची. ती सुटीत घरी गेली होती आणि तिथे हिरड्याचा हंगाम चालू होता. "झाडाखाली गोणपाटाचं चवाळं टाकलंय," ती फोनवर सांगे, "वरनं हिरडा पडतोय, खाली मी वाचतेय. आई म्हणते, एक पान वाच नि एक पाटी भर. आमच्याकडं कादंबरी किलोवर चाललीय बाई." तिला नेटवर्कसाठी टेकाडावर चढावे लागे. त्यामुळे तिचे प्रत्येक वाक्य धापा टाकीत येई.

पाचवी कादंबरी होती 'यमुनेची तीन घरे'. ती शंभरावर वर्षे जुनी होती. गावच्या वाचनालयात तिची एकच प्रत उरली होती, आणि ती तालिबदादांनी तीसेक वर्षांपूर्वी बांधलेली होती. मूळचे तीन सुटे पातळ भाग त्यांनी एकत्र करून त्यांना एकच पुठ्ठा आणि लाल कापडाची पाठ दिली होती. आपल्याच घरचे शिवलेले पुस्तक म्हणून महेकने ते सर्वांत शेवटी राखून ठेवले, जसे पानातले आवडते आपण शेवटच्या घासाला ठेवतो. आणि ते वाचून ती अक्षरशः वेडी झाली.

पुस्तक उघडताच एक म्हातारी यमुना भेटते. नदीकाठच्या लहानशा घरात ती एकटी राहते, आणि शेजारणींना जमवून चार पाने भरतील एवढा उपदेश करते. ती दादासाहेबांचे नाव घेते, कुंजवनातल्या विहिरीचे नाव घेते, 'त्या रात्रीचा दिवा' म्हणते. पण हे दादासाहेब कोण आणि तो दिवा कसला, याचा पत्ता नाही. पुढे यमुनेचे सासर येते, आणि दादासाहेब हा तिचा दीर असून त्यानेच तिला घराबाहेर काढले, हे कळते. मग सर्वांत शेवटी माहेर येते. विहिरीच्या काठावर परकरातली पोर बसली आहे, आई दिवा लावीत आहे, आणि पोर विचारते, "आई, मी मोठी झाले की माझं घर कुठलं गं?" तिथे कादंबरी संपते. आई उत्तर देत नाही. वाचणाऱ्याला मात्र तिन्ही घरे ठाऊक असतात.

महेकने पुस्तक मिटले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या एका अनामिक लेखकाने कथा अशी मागे मागे नेली! या कादंबरीत माणसे आधी नावाने येतात आणि मग चेहऱ्याने, जशी आठवणीत येतात. हे वाक्य तिला सुचले तेव्हा तिला स्वतःचाच हेवा वाटला. बोलायचे ते याच कादंबरीवर, हे तिने ठरविले आणि सरांना तसे कळविलेही. जूनचा पहिला पंधरवडा तिने त्या मांडणीवर घालविला. झेरॉक्सच्या यंत्राच्या खडखडाटात ती दादांसमोर उभी राहून बोले. दादा डोळे मिटून ऐकत आणि शेवटी "लई भारी" म्हणत. ते खरेच ऐकत होते की झोपत होते, याविषयी घरात दोन मते होती.

विभागात बोलायच्या परीक्षेच्या तीन दिवस आधी घात झाला.

पंधरवडाभर हाताळल्याने पुस्तकाच्या पुढच्या पुठ्ठ्याची आतली बाजू सुटू लागली होती. वाचनालयात परत देण्यापूर्वी ती नीट चिकटवावी, म्हणून महेकने दुकानात बसून ओल्या फडक्याने तो जुना चिकटकागद भिजविला आणि सुरीच्या बोथट बाजूने हलकेच उचलला. त्याच्या खाली दुसरा कागद होता. तो वाळवीने खाल्लेल्या मूळ मुखपृष्ठाचा तुकडा होता, आणि दादांनी तो फेकून न देता अस्तरासारखा आत चिकटविला होता. त्यावर ठळक टाइपात छापले होते: 'यमुनेची तीन घरे'. त्याखाली लहान टाइपात: 'भाग ति'. पुढचे वाळवीने खाल्ले होते.

ती कितीतरी वेळ त्या एका अक्षराकडे पाहत राहिली. 'प' असता तर पहिला, 'दु' असता तर दुसरा. 'ति'चा अर्थ मराठीत एकच होऊ शकत होता. तिने घाईघाईने तिन्ही भागांच्या पहिल्या पानांवरचे आकडे पाहिले. प्रत्येक भाग एकपासून सुरू होत होता, आणि प्रत्येक भागात 'प्रकरण पहिले' होते. क्रमाची खूण म्हणून आत काही उरलेच नव्हते. दादासाहेब आधी नावाने आले, कारण त्यांचा चेहरा असलेला भाग मागे शिवला गेला होता.

"दादा," ती मागे जाऊन म्हणाली, "हे तुम्ही बांधलंय?"

दादांनी पुस्तक हातात घेतले, पाठीवरून अंगठा फिरविला आणि त्यांचा चेहरा उजळला. "ह्ये माझंच. बघ की, एक टाका ढिला न्हाई."

"यात तीन भाग होते. त्यांचा क्रम कसा लावला?"

"वाचनालयातनं सुतळीनं बांधून आलं व्हतं. वरची चोपडी पहिली म्हणून सांगितलं. मुखपानं समदी वाळवीनं खाल्ल्याली. मी वरची चोपडी घेतली, पहिली ठिवली. मग दुसरी, मग तिसरी."

"पहिली कुठं ठेवली?"

"कुठं म्हंजे? उजव्या अंगाला. पहिली उजवीकडंच असती."

आणि हे बोलताना त्यांचा उजवा हात आपोआप गुडघ्याच्या उजव्या बाजूस जमिनीवर पडला. साठ वर्षे कुराणशरीफ, उर्दूची पहिली-दुसरी आणि मशिदीतल्या मुलांची पुस्तके शिवलेला तो हात होता. मराठी पुस्तकेही त्याने शेकड्याने बांधली होती. पण त्यांत पानांचे आकडे हाताला वाट दाखवीत. या तीन भागांनी आकडे दाखविले ते तिघांनीही एकपासून. तेव्हा हाताने आपली जुनी वाट धरली. डावीकडून उघडणाऱ्या पुठ्ठ्यात तिसरा भाग पहिला आला.

"उलटी लागली, दादा," महेक म्हणाली. "मराठी पुस्तक डावीकडनं सुरू होतं."

दादांनी पुस्तकाची पाठ पुन्हा एकदा चाचपली. मग त्यांनी नातीच्या आवाजाच्या दिशेने मान वळविली. "पर तुला आवडली नव्हं?"

या प्रश्नावर रडावे की हसावे हे तिला कळेना. म्हणून ती उठून बाहेर गेली आणि तिने अक्षदाला फोन लावला.

अक्षदाने सगळे ऐकले आणि ती खो-खो हसत सुटली. "म्हणजे तू अख्खी मराठी कादंबरी उर्दू वाचल्यासारखी वाचलीस होय!"

हसता हसता तीच थांबली. कारकुनाच्या खिडकीपाशी त्या दिवशी महेकच्या मागे रांगेत अक्षदाच उभी होती. त्या रांगेतच त्यांची ओळख झाली होती.

"महे, सॉरी गं."

"तू हसलीस तशी सगळी हसतील," महेक म्हणाली. "हसण्याचं न्हाई काही. पण तो म्हणाला होता ना, चुकून लिहिलं का. आता खरंच चुकून झालं."

"मग दुसऱ्या कादंबरीवर बोल. चार वाचल्यात की."

"सरांना नाव कळवलंय."

"मग सांगूच नको! प्रत एकच, ती तुझ्या घरात. चिकटव तो कागद परत. कुणाला कळतंय? तुझी ती आधी नाव मग चेहऱ्याची मांडणी, लई भारी आहे ती."

सल्ला सोयीचा होता, आणि महेकने तो रात्रीपर्यंत मनात घोळविलाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जे केले ते वेगळेच होते. तिने पुस्तक मागून उघडले आणि आधी माहेर वाचले, मग सासर, मग नदीकाठचे घर. जसे त्या अनामिक लेखकाने लिहिले होते तसे. वाचताना तिला वाटत होते, की पुस्तक तेच राहील, वाट तेवढी बदलेल. तसे झाले नाही. माहेर सुंदरच होते. पोरीच्या प्रश्नाने आता नुसते कुतूहल जागे होत होते. सासर भक्कम होते. आणि मग तिसऱ्या भागात कादंबरी ढासळली. दोन भागांतली अबोल, तोडून बोलणारी यमुना अचानक शेजारणींपुढे चार पाने अखंड बोलू लागली, आणि तोच सूर पुस्तक संपेपर्यंत लांबला. इतके दिवस ती जिच्यावर भाळली होती, ती कादंबरी या पुस्तकात कोठेच नव्हती.

सुटलेला कागद तिने चिकटविला नाही.

परीक्षेच्या दिवशी विभागात चौदा मुले बसली होती. अक्षदा पहाटेची एसटी गाठण्यासाठी अंधारात चालत निघाली होती. ती पायांवरच्या चिखलासकट पहिल्या बाकावर होती. तिने आपले भाषण व्यवस्थित केले. सरांनी तिला दोन ठिकाणी अडविले, तिने एका ठिकाणी माघार घेतली आणि एका ठिकाणी घेतली नाही.

"कागदी," सरांनी हाक मारली. ते मुलांना आडनावानेच हाक मारीत. "'यमुनेची तीन घरे'. बोल."

महेक पुस्तक हातात घेऊन उभी राहिली. पंधरवडाभर घोकलेले पहिले वाक्य तिच्या जिभेवर तयार होते. तिने ते गिळले.

"सर, ही कादंबरी मी आधी चुकीच्या क्रमाने वाचली," ती म्हणाली, आणि तिने पुठ्ठा उघडून 'भाग ति' दाखविला. "ही आमच्या दादांनी बांधली. मुखपृष्ठं वाळवीनं खाल्ली होती, आकडे तिन्ही भागांवर एकपासून होते. दादांचा हात उर्दूच्या पुस्तकांवर बसलेला आहे. त्यांनी पहिला भाग उजवीकडं ठेवला."

मागच्या बाकावर समर्थ आडनावाचा मुलगा फिस्सकन हसला. "उर्दू स्टाईल!"

"समर्थ," सर मान न वळविता म्हणाले, "स्टाईल हा शब्द कोणत्या लिंगाचा ते सांग, आणि मग हस."

समर्थने मान खाली घालून वही उघडली. हसूही थांबले.

"पुढे," सर म्हणाले.

महेकने दोन्ही वाचने सांगितली. उलट्या क्रमात तिला काय दिसले, आणि ते किती सुंदर वाटले, हे तिने लपविले नाही. सरळ क्रमात त्यातले काय नाहीसे झाले, हेही लपविले नाही. "मी इतके दिवस जी वाचत होते, ती कोणी लिहिलेलीच नव्हती, सर. ती वाळवीनं आणि दादांनी मिळून केली. तिच्याबद्दल बोलायचा मला अधिकार न्हाई. लिहिलेलीबद्दल बोलते."

"बोल."

"पहिले दोन भाग चांगले आहेत. तिसरा सामान्य आहे."

सरांनी ही कादंबरी तरुणपणी सुट्या भागांत वाचली होती. तिसरा भाग त्यांना तोंडपाठ होता, हे सर्वांना पुढच्याच वाक्यात कळले. सर खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सामान्य? 'ज्या घरात शिरताना वाकावे लागते, त्या घरातून निघताना ताठ निघता येते की नाही, हे पाहूनच, बायांनो, त्यास घर म्हणावे.' हे वाक्य सामान्य? त्या काळात असे वाक्य किती जणांना लिहिता येत होते, ते मला सांग."

"वाक्य मलाही पाठ आहे, सर. वाक्य सामान्य नाही. पण ते यमुना बोलत नाही."

"मग कोण बोलते?"

"लेखक. तो माहेरचा प्रश्न सोडला तर दोन्ही भागांत यमुना एकदाही तीन शब्दांच्या पुढं जात नाही. दीर घरातून काढतो तेव्हासुद्धा ती 'दिवा घेऊन जाते' एवढंच म्हणते. आणि तिसऱ्या भागात दुसऱ्याच पानावर तिला चार पानं तोंड फुटतं. उलटं वाचताना मला हे कळलं नाही, कारण ती मला पहिल्यांदाच भेटत होती. मला वाटलं, ही बोलणारीच बाई आहे."

"माणूस बदलत नाही? दुःखाने माणसाला वाचा फुटत नाही?"

"फुटते, सर. पण ती कशी फुटली ते आम्हाला दाखवायला नको? एका पानात न्हाई फुटत."

सरांनी 'न्हाई' दुरुस्त केले नाही. ही गोष्ट सर्वांच्याच लक्षात आली. अक्षदाने बाकाखाली मूठ आवळली.

"हा दोष तुला सरळ वाचून दिसला, की उलट वाचून?"

महेकने पुस्तक दुसऱ्या हातात घेतले. या प्रश्नाची तयारी तिने केली नव्हती. "दोन्हीमुळं," ती सावकाश म्हणाली. "नुसतं सरळ वाचलं असतं तर त्या वाक्यांनी मी भुलले असते. तुमच्यासारखी." शेवटचा शब्द तोंडातून निसटला आणि तिने जीभ चावली.

कोणी हसले नाही. सरांनी हात पुढे केला. महेकने पुस्तक दिले. त्यांनी 'भाग ति'वरून बोट फिरविले, मग पाठीवरची शिलाई दाबून पाहिली, मग पुढेच शिवलेला तिसरा भाग उघडून उपदेशाची ती चार पाने डोळ्यांखालून घातली. त्यांचे ओठ हलत होते. वाचून झाल्यावर ते पुन्हा पहिल्या ओळीवर गेले, आणि या वेळी ओठ हलले नाहीत. खिडकीबाहेर एसटीचा कंडक्टर घोडेगाव, घोडेगाव म्हणून ओरडत होता.

त्यांनी पुस्तक मिटून तिच्या हाती परत दिले.

"वाचनालयाला सांग, आणि आजोबांकडून हे उसवून सरळ क्रमाने बांधून घे," ते म्हणाले. "तिसऱ्या भागाविषयी तू चुकली आहेस. वर्गात तुला जागा दिली आहे."